‘कळलं नाही’ दोन प्रकारचं असतं: एका छोट्या भयपटाच्या प्रेक्षक-चाचण्यांच्या नोंदी, नाशिक

४ जानेवारी २०२५

कट १ तयार. लांबी ५८ मिनिटं, २४ फ्रेम प्रतिसेकंद, साउंड मिक्स कच्चं. गोष्ट थोडक्यात अशी: दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत रात्री बोअर चालू आहे. ६४० फुटांवर हॅमर, म्हणजे रॉडच्या टोकाचं खडक फोडणारं अवजार, एकाएकी पोकळीत जातो आणि तिथून पुढे त्या भोकातून येणारे आवाज वेळेच्या क्रमाने येत नाहीत. पात्रं तीनच: बागेची मालकीण, रिगचा, म्हणजे बोअर पाडणाऱ्या यंत्राचा, ऑपरेटर आणि भूजल सर्वेक्षणाचं काम करणारी मुलगी.

भूत नाही, शाप नाही, कुणाचा खून झालेला नाही. कॉस्मिक हॉररची अटच ती. खाली जे आहे त्याचं माणसाशी वैरही नाही आणि देणंघेणंही नाही. आपल्याकडच्या भुतांचं व्याकरण मात्र पक्कं असतं. मुंजा का झाला, हडळ कशी झाली, गिऱ्हा कुठल्या डोहात राहतो, प्रत्येकाला कारण आहे आणि प्रत्येकावर उताराही आहे. कारणही नाही आणि उताराही नाही अशा भीतीपुढे इथला प्रेक्षक बसून राहतो का, आणि उठला तर नेमका कुठे उठतो, हे बघायला या चाचण्या.

चार खेळ ठरवले. गंगापूर रोडवरची तालमीची खोली, दिंडोरी तालुक्यातलं एक पॅकहाऊस, घरचा टीव्ही व मोबाईल, आणि शेवटी मल्टिप्लेक्सचा पडदा. एकच माणूस दोनदा बोलवायचा नाही. ज्याला पुढचं माहीत आहे त्याची भीती मोजता येत नाही.

९ जानेवारी

खोलीची तयारी. खोली १४ बाय २२ फूट, भिंती पांढऱ्या. अर्धा सिनेमा अंधारातला, त्यामुळे भिंतींचं काम आधी. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून परत पडद्यावर येतो आणि काळ्याचं राखाडी करतो. पडद्याच्या बाजूच्या दोन्ही भिंतींना ८ फुटांपर्यंत काळं कापड लावलं. दाराखालच्या फटीतून पॅसेजच्या ट्यूबलाइटचा उजेड येत होता, तिथे जुन्या सतरंजीची गुंडाळी. प्रोजेक्टरचा ‘डायनॅमिक’ मोड बंद. तो अंधाऱ्या शॉटमध्ये स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो आणि शॉट लुकलुकतो.

आवाज: उणे २० डीबीएफएस पातळीचा पिंक नॉइज (स्पीकर जुळवायचा सलग खरखरता आवाज) एकेका स्पीकरवर वाजवून मीटरवर मोजला; मीटरची सेटिंग सी-वेटिंग, स्लो. थिएटरसाठी ८५ डेसिबल धरतात, पण एवढ्या खोलीत ते अंगावर येतं, म्हणून ७९ वर ठेवलं. हे काम मोबाईल ॲपने करू नये. फोनचा माइक खालच्या पट्टीतला आवाज कमी पकडतो, मग आपण सबवूफर वाढवत बसतो.

प्रेक्षकांकडे तोंड करून एक इन्फ्रारेड कॅमेरा लावला. ८५० नॅनोमीटरचे एलईडी अंधारात मंद लाल दिसतात आणि लोक त्यांच्याकडेच बघत राहतात. ९४० चे दिसत नाहीत, पल्ला थोडा कमी मिळतो. ९४० घेतले. सिनेमा आणि कॅमेरा जुळवायला पहिल्या फ्रेमच्या २ सेकंद आधी एका फ्रेमचा १ किलोहर्ट्झ पॉप (छोटी ‘टिक’) आणि शेवटच्या फ्रेमनंतर २ सेकंदांनी तसाच दुसरा. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा वेग सारखा नसतो, एका पॉपवर भागत नाही. दोन टोकं मिळाली की मधलं ताणून बसवता येतं.

चित्रीकरणाची लेखी संमती प्रवेशालाच घ्यायची, काम संपल्यावर फुटेज पुसायचं.

११ जानेवारी, पहिला खेळ

२४ खुर्च्या, २२ भरल्या. दिग्दर्शक आणि कलाकार इमारतीतही नव्हते. फॉर्म वाटणारी व्यक्ती युनिटबाहेरची. एवढं करूनही ‘भारी आहे भाऊ’ असं बोलून निघू पाहणारे भेटतातच, म्हणून नियम: दिवे लागल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, आधी लिहायचं. बोलणं आधी सुरू झालं तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत वीस फॉर्मांवर उतरतं.

फॉर्मात गुण नाहीत, तारे नाहीत. पाच प्रश्न: गोष्ट तीन ओळींत सांगा. भीती वाटली तो क्षण कोणता? हसू कुठे आलं? लक्ष कुठे उडालं? शेवटी खाली काय होतं असं वाटतं? पहिला प्रश्न सगळ्यात कामाचा. प्रेक्षकाने कुठला सिनेमा पाहिला हे त्या तीन ओळींत कळतं, आणि तो बरेचदा आपण बनवलेला नसतो.

कॅमेऱ्यावरून पहिली ठळक नोंद ४१:२० ची. बोअरमध्ये सोडलेल्या कॅमेऱ्यातून पोकळीच्या भिंती दिसतात तो शॉट. मागच्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, “खडीसाखर!” आणि अख्खी खोली हसली.

हसणं दोन तऱ्हेचं असतं आणि ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. भीती ओसरल्यावरचं हसू दचक्यानंतर सेकंद-दोन सेकंदांनी येतं, खांदे खाली पडतात, माणूस शेजाऱ्याकडे बघतो आणि पुढच्या शॉटपर्यंत गप्प होतो. ते हवंच आहे. टिंगलीचं हसू शॉट चालू असतानाच सुरू होतं, एकाकडून दुसऱ्याकडे सरकतं आणि पुढच्या दोन-तीन शॉटांतही उरतं. खडीसाखरेचं हसू दुसऱ्या जातीचं. त्यानंतरचा चार मिनिटांचा प्रसंग, जो खरोखर चांगला जमलाय, पूर्ण वाया गेला.

दुसरी नोंद २७:०५. मुलगी बोअरमध्ये दगड टाकते आणि आवाजाची वाट बघते. १९५ मीटरला दगड पडायला साधारण ६.३ सेकंद, वर आवाज यायला ०.६, म्हणजे ७ सेकंदांच्या आसपास. कटमध्ये मात्र वाट बघणं ३ सेकंदांवर आणलं होतं. पुढे जेव्हा दगड टाकण्याआधीच आवाज येतो तेव्हा खोलीत काहीच घडलं नाही. नियम आधी प्रेक्षकाच्या अंगात भिनला असेल तरच तो मोडल्याचं जाणवतं. तीन सेकंदांत काहीच भिनत नाही.

१२ जानेवारी

फॉर्म वाचून दोन गठ्ठे केले. जवळजवळ सगळ्यांवर कुठे ना कुठे ‘कळलं नाही’ आहे. पण ते दोन वेगळे शब्द असावेत इतके वेगळे अर्थ आहेत.

एक: कोण, कुठे, केव्हा ते कळलं नाही. “ती मुलगी रिगवर परत कधी आली?” “ही तीच रात्र की दुसरी?” हा सरळ आपला दोष. गोष्ट दोन रात्रींची आहे, कपडे तेच आहेत, मधे सकाळ नाही. प्रेक्षक तिथे हिशोब करत बसतो आणि हिशोब करणारा माणूस घाबरत नाही.

दोन: ते काय आहे, का आहे ते कळलं नाही. हे सिनेमाचं भांडवल. याला हात लावायचा नाही. अशा सिनेमांचे निर्माते घाबरतात ते इथेच. दोन्ही ‘कळलं नाही’ एका टोपलीत टाकतात आणि एखाद्या पात्राच्या तोंडी खुलासा घालतात. पहिल्याचा त्रास तसाच राहतो आणि दुसऱ्याची भीती मरते.

तिसरा एक छोटा गठ्ठा मधेच लटकत होता: “त्याला काय हवंय?” आणि “कुणाचा तळतळाट?” वरवर दुसऱ्या प्रकारचं वाटतं, पण ते भुताच्या व्याकरणातून आलेलं आहे आणि दार आपणच उघडं ठेवलंय. ८:४० ला मालकीण म्हणते, “सासऱ्यांनी ही जमीन फसवून घेतली होती.” पात्राला खोली यावी म्हणून लिहिलेलं वाक्य. लोकांनी सगळा सिनेमा त्याच एका खुंटीला टांगला: फसवणूक, शाप, बदला. वाक्य काढलं.

तसंच पाणाड्याचं. पहिल्या चार मिनिटांत नारळ तळहातावर धरून जागा दाखवतो आणि जातो. पण जाताना वळून बघतो, त्यावर क्लोज-अप आणि खालून संगीत. मग लोक शेवटपर्यंत तो मांत्रिक होऊन परत येण्याची वाट बघत राहिले. क्लोज-अप आणि संगीत दोन्ही काढलं. पाणाड्या राहिला, तो खोटा नाही, इथे बोअरआधी तो येतोच.

रात्रींच्या गोंधळावर: बागेत फवारणीचा ब्लोअर चाललाय असा सकाळचा ४ सेकंदांचा शॉट पडून होता, तो दोन रात्रींमध्ये टाकला. दुसऱ्या रात्रीच्या पहिल्या शॉटमध्ये मुलगी कोरडी आहे आणि पहिल्या रात्री भिजलेली होती, तेही उजेडात दिसेल असं केलं.

१६ जानेवारी

संक्रांतीमुळे दोन दिवस काम बंद. आज पोकळीचं मॉडेल.

खडीसाखर दिसण्याचं कारण शोधलं. मॉडेल १:४ प्रमाणाचं, स्फटिक तुरटीचे. गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी घालून त्यात जाळी बुडवून तीन दिवस ठेवली होती. स्फटिक सुंदर आले, पण सगळे एकाच मापाचे, स्वच्छ आणि पारदर्शक. त्यावर समोरून एलईडी. नाशिकच्या माणसाला खरा स्फटिक नवा नाही. इथल्या खाणींत, विहिरींच्या खोदकामात झिओलाइट निघतो, सिन्नरला त्याचं संग्रहालय आहे. ‘गारगोटी’ म्हटलं की डोळ्यांपुढे चित्र तयार असतं. नकली लगेच कळणार.

उपाय, या क्रमाने:

आधी पारदर्शक लॅकरचे दोन हात. लॅकरशिवाय पाण्याची शाई लावली तर तुरटीच विरघळते. एक तुकडा त्यातच गेला. लॅकर वाळल्यावर काळी शाई पातळ करून खाचांमध्ये सोडली, उंचवटे पुसून घेतले. पुढच्या बाजूला खऱ्या स्टिलबाइटचे आणि अपोफिलाइटचे सात-आठ तुकडे बसवले. पुढचे खरे असले की डोळा मागचेही खरे मानतो. काही भागांवर चिकट थर: गवारगम लिटरला ८ ग्रॅम. थेट पाण्यात टाकला की गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत, म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात. दुसऱ्या दिवशी वास येतो, रोज ताजा करावा.

उजेड एकच, बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर. समोरचा पूर्ण बंद.

आणि वेग. मॉडेल लहान असलं की त्यातली हालचाल चिल्लर वाटते. प्रमाणाचं वर्गमूळ काढून तितक्या पट फ्रेम वाढवायच्या: १:४ ला दुप्पट, म्हणजे ४८ ने घेऊन २४ ने दाखवायचं. आधी हेच चुकलं होतं. ओघळणारा थर पाकासारखा झरझर उतरत होता. पाक आणि खडीसाखर, दोन्ही एकाच शॉटमध्ये.

२५ जानेवारी

पोकळीचा शॉट नव्याने घेतला. लांबी आधी ९६ फ्रेम होती, आता ३८. कटमध्ये बसवून चौघांना आवाजाशिवाय दाखवला आणि फक्त ‘काय दिसलं’ विचारलं. दात, मध, दगड, जबडा. चौघांचं उत्तर वेगळं. एवढं पुरे.

दगडाचा प्रसंग पूर्ण ७ सेकंद, मधे कट नाही. कट २, लांबी ५५ मिनिटं.

८ फेब्रुवारी, दिंडोरी तालुका

द्राक्षांची काढणी चालू आहे, दिवसा कुणाला फुरसत नाही. पॅकहाऊसमधलं क्रेट आवरल्यावर रात्री साडेआठला खेळ. प्रेक्षक ३० च्या आसपास: बागायतदार, पॅकिंगला आलेल्या बायका, दोन बोअरवाले. पडदा म्हणून पांढरं कापड ताणलं. पत्र्याचं छत.

छतानेच पहिला घात केला. युनिटमध्ये कुणीतरी वाचलं होतं की १९ हर्ट्झच्या आसपासचा आवाज ऐकू न येता अस्वस्थ करतो, म्हणून मिक्समध्ये त्या पट्टीत एक सलग घुमारा घातला होता. भाड्याचा सबवूफर ३५ हर्ट्झच्या खाली काही काढत नाही, पण अँप्लिफायर मात्र त्यावर ताकद खर्च करतो. संवाद फाटू लागले, आणि जेवढी थरथर बाहेर पडली तेवढ्याने पत्रे वाजायला लागले. १४ व्या मिनिटाला सगळ्यांनी वर पाहिलं. खेळ थांबवून सब ६ डेसिबलने उतरवला.

पुढचं मात्र गंगापूर रोडवर मिळालंच नसतं.

१९:३० ला ऑपरेटर म्हणतो, “सहाशे चाळीस फूट.” लगेच आवाज आला, “रॉड मोजा भाऊ!” २० फुटी रॉड, ६४० फूट, म्हणजे ३२ रॉड आत गेलेले हवेत. रिगवरचा सगळा साठाच बाराचा दिसतो, आणि त्यातलेही अजून आठ शिल्लक. दोन बोअरवाले तिथून पुढे सिनेमा बघत नव्हते, चुका मोजत होते.

दुसरी चूक धुरळ्याची. कोरड्या काळ्या पाषाणात पीठ उडतं, पण पाण्याची झीर लागली की पीठ बसतं आणि भोकातून राडा येऊ लागतो. ऑपरेटर २१ व्या मिनिटाला “ओल आहे” म्हणतो आणि पुढच्या शॉटमध्ये पांढरा कोरडा धुरळा.

तिसरी आणि सगळ्यात महाग. दगडाचा प्रसंग, सात सेकंदांचा, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला. एक बाई पहिल्या सेकंदालाच म्हणाल्या, “अगं बोअरमध्ये दगड कोण टाकतं? मोटर अडकेल ना!” बोअरवाल्याने भर घातली: साडेसहा इंची भोकात दगड सरळ पडतच नाही, टक टक करत भिंतींवर आपटत जातो, आणि कुठे अडकेल सांगता येत नाही. शंभर टक्के बरोबर. बोअरचं तोंड उघडं ठेवणंही या लोकांना सहन होत नाही. केसिंगवर (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपवर) झाकण नाही असं दिसलं की त्यांना वेगळीच भीती वाटते, पोर पडण्याची. ती भीती आपल्या भीतीपेक्षा खरी आणि मोठी आहे. ती या सिनेमात वापरायची नाही असं ठरवलं. प्रत्येक शॉटमध्ये वापरात नसलेलं तोंड झाकलेलं दिसेल.

अंधाऱ्या बागेचा प्रसंग मात्र इथे शहरापेक्षा जास्त चालला. मुलगी टेप धरून बोअरपासून १०० फूट सरळ चालत जाते आणि परत बोअरपाशीच येते. बायकांच्या बाजूची कुजबुज पूर्ण बंद झाली. एका वयस्क शेतकऱ्याने फॉर्मवर एवढंच लिहिलं: ‘चकवा लागला.’

१० फेब्रुवारी

चकव्यावर बराच वेळ चर्चा. प्रेक्षकाकडे आधीपासून शब्द आहे ही चांगली गोष्ट, कारण चकवा हे आपल्याकडचं बहुधा एकमेव भय आहे ज्यात कुणी समोर येत नाही, रस्ताच फसवतो. पण चकव्याला उतारा आहे, उजाडलं की तो सुटतो. तेव्हा प्रसंग उजाडेपर्यंत न्यायचा. शेवटचा शॉट पहाटे घेतलेला पडून आहे, त्यात ती टेप गुंडाळत चालतेय. तो जोडायचा. उजेडातही ती बोअरपाशीच येते. ओळखीचा शब्द प्रेक्षकाच्या हातात द्यायचा आणि तिथेच तो अपुरा पाडायचा. कुठल्याही परदेशी राक्षसापेक्षा हे जास्त काम करेल असं वाटतं.

दगड रद्द. त्याऐवजी पाइप पान्याने केसिंगवर एक ठोका आणि प्रतिध्वनीची वाट. आवाजाचा परतीचा वेळ धरून खोली काढणं ही खरी पद्धत आहे, सर्वेक्षण करणाऱ्या मुलीच्या हातात शोभते. १९५ मीटर जाऊन येऊन ३९० मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १.१४ सेकंद, म्हणजे २७ फ्रेम.

तोटा उघड आहे: सात सेकंदांचा श्वास गेला. म्हणून ठोके तीन. पहिला, १.१४ सेकंद, मुलगी मोठ्याने आकडेमोड करते, ६४० फूट जुळतं. दुसरा, हॅमर पोकळीत गेल्यावर, ४ सेकंद. ६८६ मीटर, सव्वादोन हजार फुटांवर. ती वहीत लिहिते आणि काहीच बोलत नाही. ज्याला हिशोब करायचा तो करेल. तिसरा: प्रतिध्वनी येतो, पाना अजून हवेतच आहे. हा तिसरा मधून उचलून अगदी शेवटी नेला. पाना वर, प्रतिध्वनी, काळं.

रॉडचं सोपं: बारा रॉडांना जुळेल असा संवाद ‘दोनशे चाळीस’ करता येत नाही, कारण १.१४ सेकंद बिघडतात. रिगशेजारी उभ्या सपोर्ट गाडीवर बाकीचे रॉड दिसतील असा एक शॉट लागेल, आणि रिगवरचे शिल्लक रॉड फ्रेमबाहेर.

१६ फेब्रुवारी

एका रात्रीचं चित्रीकरण. हात, पाना, केसिंग, वही, गाडीवरचे रॉड. चेहरे नाहीत, म्हणून मूळ अभिनेत्रीची तारीख लागली नाही. मनगटावरचं घड्याळ तेच असेल एवढं पाहिलं. राड्याचा शॉट चालू कामावर जाऊन मिळवला, कॅमेऱ्याला प्लॅस्टिक बांधून. राडा लेन्सवर आला की कोरड्या कापडाने पुसू नये, त्यात दगडाचं पीठ असतं आणि काच ओरखडते. आधी पाण्याने ओघळू द्यावं.

ठोक्याचा आवाज जागेवरच घेतला, केसिंगला चिकटवलेल्या काँटॅक्ट माइकने आणि चार फुटांवरच्या साध्या माइकने. दोन्ही मिसळून छान बसतात.

२२ फेब्रुवारी

मिक्स. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. घुमारा आता ४१ आणि ४२.५ हर्ट्झ अशा दोन स्वरांचा. फरक दीड हर्ट्झ, म्हणून सेकंदाला दीड वेळा तो फुगतो आणि बसतो. कानाला ते श्वासासारखं लागतं आणि साध्या सबमधूनही निघतं.

पहिल्या दोन्ही खेळांत ‘बोलणं ऐकू आलं नाही’ असं लिहिलेलं होतं. जाड घुमारा वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकतो, उलटं तितकं होत नाही. संवाद ८० हर्ट्झखाली कापले, घुमाऱ्याच्या वरच्या सुरांत १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये ४ डेसिबलची खळगी केली. संवाद वाढवावे लागले नाहीत.

१ मार्च, टीव्ही आणि मोबाईल

कट ४, ५१ मिनिटं. (महाशिवरात्रीच्या आठवड्यात त्र्यंबक रस्त्याची गर्दी बघून तारीख पुढे नेली होती.) कॉलेज रोडवरच्या एका घरी टीव्हीवर आठ जण, आणि पाच जणांनी आपापल्या मोबाईलवर.

मोबाईलवर ४१ हर्ट्झ अस्तित्वातच नसतो. घुमाऱ्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज हलकासा फाडणारा इफेक्ट) चढवून त्याचे वरचे सूर तयार केले होते. मूळ स्वर नसला तरी त्या सुरांवरून कान तो भरून काढतो. चाललं, पण स्पीकरवर कमी, हेडफोनवर बरं.

चित्राचं वाईट. बागेच्या अंधारात आकाशाला पट्टे पडले. ८ बिटच्या फाइलमध्ये गडद छटा मोजक्याच असतात, त्यात एच.२६४ कॉम्प्रेशनने त्या आणखी सपाट केल्या. एक्स्पोर्टआधी बारीक ग्रेन टाकला की पट्टे विरतात, मात्र बिटरेट वाढवावा लागतो, नाहीतर ग्रेनचेच चौकोन दिसतात.

टीव्हीसमोरच्या एका आजींनी शेवटच्या प्रश्नाला लिहिलं: “अर्जुनालाही विश्वरूप सोसलं नव्हतं, त्याने पहिलं रूप मागितलं. इथे मागायचं कुणाकडे?” सगळ्या फॉर्मांतलं हे सर्वांत नेमकं वाक्य. यावर करण्यासारखं काही नाही, नोंद म्हणून ठेवलं.

शेवट दोन्हीकडे फार चांगला गेला. काळं झाल्यावरही कुणी हललं नाही. टीव्हीच्या खोलीत दिवा लावायला गेलेला हात मधेच थांबलेला कॅमेऱ्यात दिसतो. चकव्याचा पहाटेचा शॉटही लागला.

१९ मार्च

रंगपंचमी. रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या आहेत, जुन्या नाशकात पाय ठेवायला जागा नाही. काम बंद. डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चढवायची सिनेमाची डिजिटल प्रत, रात्री एक्स्पोर्टला लावला: २ के फ्लॅट, १९९८ बाय १०८०, २४ फ्रेम, एनक्रिप्शन नाही, म्हणजे चावीची भानगड नाही.

२२ मार्च, मल्टिप्लेक्स

सकाळचा पहिला खेळ सुरू होण्याआधीची वेळ भाड्याने. प्रेक्षक निमंत्रित. डीसीपी आदल्या दिवशी सर्व्हरवर चढवून तपासला; ड्राइव्ह लिनक्स फॉरमॅटची लागली, साधी एक्सफॅट सर्व्हरने ओळखली नाही.

चित्र उत्तम. पडद्यावर काळं हे काळं. खडीसाखरेच्या जागी पूर्ण शांतता, दोघांनी हात तोंडावर नेले. दुसऱ्या ठोक्याला चार सेकंदांत पुढच्या रांगेतले ओठ हलताना दिसले, लोक मोजत होते. फॉर्मांवर पहिल्या प्रकारचं ‘कळलं नाही’ जवळजवळ संपलंय, दुसऱ्या प्रकारचं भरपूर आहे.

पण शेवट पडला. पाना वर, प्रतिध्वनी, काळं, आणि लगेच खुर्च्यांचा आवाज, लोक उठले, मोबाईल पेटले. तोच कट, तोच प्रसंग, तीन आठवड्यांपूर्वी आठ माणसं जागची हलली नव्हती.

२३ मार्च

दोन्ही फुटेज शेजारी लावून तपासलं. आधी वाटलं, हॉल मोठा म्हणून. मग वाटलं, सकाळची वेळ. दोन्ही नाही. टीव्हीच्या फुटेजमध्ये काळं झाल्यावर २ सेकंदांनी सगळ्यांची मान एकदम किंचित वर होते. तिथे टेल-पॉप, म्हणजे शेवटचा पॉप, आहे. सिंकसाठी टाकलेला, एका फ्रेमचा.

डीसीपी करताना दोन्ही पॉप काढले, तसे काढायचेच असतात. टीव्हीवर मात्र लोकांनी तो पॉप सिनेमाचा भाग म्हणून ऐकला. प्रतिध्वनी आधी आला होता. ठोका आत्ता पडला. १ मार्चचे फॉर्म पुन्हा काढून पाहिले. दोघांनी स्पष्ट लिहिलंय: “शेवटी ती मारते.” एकाने लिहिलंय: “मारलं कुणी?” फॉर्म वाचताना हे ‘ती हरली’ अशा अर्थाने घेतलं गेलं आणि पुढे गेलं. प्रेक्षक ठोक्याबद्दल बोलत होते.

कट १ आणि २ मध्येही हाच पॉप होता, पण तेव्हा शेवट वेगळा होता, म्हणून तो कुणाला लागला नाही.

२६ मार्च

१ किलोहर्ट्झच्या पॉपच्या जागी केसिंगचा खरा ठोका बसवला. काळं झाल्यावर ४८ फ्रेमांनी. ३६, ४८ आणि ७२ असं तिन्ही करून युनिटबाहेरच्या सहा जणांना ऐकवलं. ३६ ला तो आधीच्या शॉटचाच आवाज वाटतो, ७२ ला लोक हलायला लागलेले असतात. ४८ च ठेवलं. फक्त काँटॅक्ट माइकचा ट्रॅक घेतला, खोलीचा नाही. बाहेरचा आवाज मिसळला की तो बागेत पडल्यासारखा वाटतो, आणि तो कुठेच पडलेला नसावा. पातळी पहिल्या ठोक्यापेक्षा ३ डेसिबल खाली. प्रतिध्वनी नाही.

श्रेयनामावली त्यानंतर ५ सेकंदांच्या काळ्यानंतर, संगीताशिवाय. डीसीपी पुन्हा केला, ५१ मिनिटं ९ सेकंद. सेन्सॉरच्या अर्जात लांबी बदलायची आहे. आधीच्या मसुद्यात ५५ लिहिली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७, १३ आणि १६ असे तीन गट झालेत, आपण यूए १६+ साठी अर्ज करतोय. पाणाड्याच्या प्रसंगाचं लेखी स्पष्टीकरण सोबत जोडायचं.